बांगला बंद झाला त्या आठवड्यात: सोलापूरच्या लाल कांद्याचे एक प्रकरण

शुक्रवार, ८ डिसेंबर २०२३. पहाटे माझे मामा मोहोळ तालुक्यातून साठ पिशव्या कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात उतरले. हैदराबाद रोडवरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत मी एका अडत पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळे घरचा माल आमच्याच गाळ्यासमोर लागतो. मामांनी पिशव्या मोजून घेतल्या, चहा घेतला आणि विचारलं, "परवाचाच दर लागंल न्हवं?" बुधवारी त्यांच्या पहिल्या साठ पिशव्या ३,२०० रुपये क्विंटलने गेल्या होत्या. मी उत्तर द्यायच्या आत समोरच्या गाळ्यावरचा खरीददार फोन कानाला लावूनच ओरडला, "बांगला बंद!"

आमच्या बाजारात देशाचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'बांगला लोडिंग' म्हणजे बांगलादेशच्या सीमेकडे भरली जाणारी गाडी. 'बांगला चालू' म्हटलं की खरीददारांचे चेहरे उजळतात. 'बांगला बंद' म्हटलं की लिलावातली बोली खाली येते, आणि ती पुन्हा वर यायला महिने लागतात. मामांच्या त्या दुसऱ्या साठ पिशव्या १,८०० रुपयांनी गेल्या. दोन दिवसांत क्विंटलमागे १,४०० रुपये गेले. कांदा एकाच रानातला, एकाच हातांनी काटलेला, एकाच आकाराचा होता.

त्या आठवड्यात आमच्या पेढीशी जोडलेल्या तिघांचं काय झालं, ते इथे मांडतो आहे: माल पिकवणारे मामा, माल विकून देणारी आमची पेढी आणि माल सीमेकडे पाठवणारा एक निर्यातदार. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. पट्टीतले, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबातले, आणि गाडीच्या खर्चाचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत. सरकारी आदेश, तारखा आणि शुल्क मात्र जसेच्या तसे आहेत.

आदेश आणि त्यामागची पार्श्वभूमी

विदेश व्यापार महासंचालनालयाने ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. सूट कुणाला, तर अधिसूचनेआधी ज्यांच्या मालाची जहाजावर चढाई सुरू झाली होती, ज्यांचे शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्क अर्ज) दाखल होऊन जहाज बंदराला लागले होते, किंवा ज्यांचा माल सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात जाऊन त्यांच्या नोंदीत आला होता त्यांना. अशा मालाला ५ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत होती. माल रस्त्यात असलेल्या ट्रकवाल्यासाठी त्यात एक ओळही नव्हती, आणि आमच्या प्रकरणाचं मूळ त्या नसलेल्या ओळीत आहे.

हे आभाळातून अचानक पडलं असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. सोलापूर जिल्ह्यात ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांनीच लावण केली, आणि तीही उशिरा. खरिपाचा कांदा बाजारात मागे पडला, चाळीतला उन्हाळी कांदा संपत आला आणि दर चढले. सरकारने १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली. नोव्हेंबरच्या शेवटी नाशिककडे गारपीट झाली. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. एवढं सगळं समोर असताना बंदी येईल, असं आमचे वयस्कर खरीददार म्हणत होते. ती कधी येईल, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

खाणाऱ्याची बाजूही मला दिसते. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. पिठलं-भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, हेच अनेक दिवशी त्यांच्या घरचं जेवण. तो महागला की ताटातून आधी कांदाच जातो. सरकारने त्यांच्यासाठी काही करू नये असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण बंदी ज्या पद्धतीने येते तिच्याशी आहे.

लाल कांदा थांबत नाही

लासलगाव आणि सोलापूर यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांची इथेच चूक होते. नाशिक पट्ट्याचा मोठा आधार उन्हाळी कांदा आहे. तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो, त्याची मान बारीक होऊन सुकते, पापुद्रा घट्ट बसतो, आणि नीट बांधलेल्या चाळीत चार-सहा महिने टिकतो. उन्हाळी कांदा निघताना निर्यात बंद झाली तर तिथला शेतकरी दात-ओठ खातो, पण माल चाळीत भरून वाट तरी पाहू शकतो.

सोलापूरची आवक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोर धरते, आणि ती असते लाल कांद्याची, म्हणजे खरीप आणि रांगडा (उशिरा खरीप). हा कांदा पाणीदार, जाड मानेचा असतो. काढल्यावर तीन-चार आठवडे गेले की त्याला कोंब फुटू लागतात, पिशवीच्या तळाला पाणी सुटतं. चाळीत ठेवला तर आठवड्याआड उपसून सडका वेचावा लागतो, आणि वेचायला लागलेली मजुरीही निघत नाही. म्हणून आमच्याकडे काढणी आणि विक्री यांच्यात फार अंतर ठेवताच येत नाही. पात कापायला बायका लावल्या की दोन-चार दिवसांत पिशवी बाजारात आलीच पाहिजे.

लाल कांद्याचं आयुष्य तीन आठवड्यांचं आणि डिसेंबरातल्या बंदीचं आयुष्य चार महिन्यांचं. मामांना थांबण्याचा पर्यायच नव्हता. त्यांच्या रानात त्या दिवशी अजून निम्मा प्लॉट उभा होता. "राहू दे मातीत," असं त्यांचा शेजारी म्हणाला. मातीत ठेवला असता तर जाडी वाढून जोड कांदा झाला असता, डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले असते. काढला तर पडत्या बाजारात न्यायचा. त्यांनी काढला.

जानेवारीत तर आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा नसते. धाराशिव, लातूर, अहिल्यानगर, पुणे, सीमेपलीकडून कलबुर्गी आणि विजयपूर, सगळीकडून गाड्या येतात. दिवसाला हजार गाड्यांचा आकडा ओलांडलेला मी पाहिला आहे. त्यातच संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची यात्रा. अक्षता सोहळ्याच्या सुट्टीनंतर बाजार उघडतो तेव्हा थोपलेला माल एकदम अंगावर येतो. म्हणजे बंदी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली काय आणि जानेवारीच्या शेवटी आली काय, नाशिकला जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक सोलापूरला पडतो.

बोली का पडली

इथे एक प्रश्न मला बाजाराबाहेरच्या माणसांनी अनेकदा विचारला आहे. सोलापूरचा बहुतेक कांदा तर तेलंगण, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूकडे जातो. मग बांगलादेशची थोडी खरेदी थांबली म्हणून दर एवढा का पडावा?

लिलावाच्या ओळीत उभं राहिलं की उत्तर कळतं. समजा एका वक्कलवर, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगावर, आठ खरीददार बोली लावत आहेत. त्यातले दोघे सीमेकडे भरणारे. त्यांना मध्यम आकाराचा, झणझणीत, लाल माल ठरलेल्या दिवशी ठरलेली गाडी भरायला हवाच असतो, म्हणून ते बोली ताणतात. हैदराबादचा किंवा चेन्नईचा माल भरणाऱ्याला त्यांच्या मागे यावं लागतं, नाहीतर त्याची गाडी रिकामी राहते. ते दोघे बाजूला झाले की उरलेल्या सहांना घाई उरत नाही. त्यांना हेही ठाऊक असतं की समोरचा शेतकरी पिशव्या परत नेऊ शकत नाही, कारण माल लाल आहे आणि परतीचं भाडं आहे. शिवाय सीमेकडे निघालेल्या गाड्या आता देशातच कुठेतरी उतरणार, म्हणजे उद्या त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या दारात तोच माल स्वस्तात येणार, हेही ते ओळखून असतात. त्या शुक्रवारी पहिल्या वक्कलच्या बोलीतच हे सगळं दिसलं.

मामांची पट्टी अशी झाली. बुधवारचे तीस क्विंटल ३,२०० ने ९६,००० रुपये. शुक्रवारचे तीस क्विंटल १,८०० ने ५४,००० रुपये. फरक ४२,०००. मोटारभाडं, हमाली, तोलाई आणि पिशवीचा खर्च मिळून पिशवीमागे ८० रुपये धरले, तर दोन्ही दिवशी ४,८०० रुपयेच कापले गेले. बाजार पडला म्हणून हमाली पडत नाही, डिझेल स्वस्त होत नाही, पात कापणाऱ्या बाईची मजुरी कमी देता येत नाही. म्हणून दर जसा खाली जातो तसा शेतकऱ्याच्या हातातला भाग दरापेक्षा वेगाने आटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच क्विंटलच्या वर कांदा विकून दोन रुपयांचा धनादेश मिळाला आणि ती बातमी देशभर गेली. लोकांना तो चमत्कार वाटला. पट्टी लिहिणाऱ्याला त्यात वजाबाकी दिसते.

सीमेकडे निघालेली गाडी

आता निर्यातदाराकडे येऊ. तो आमच्या पेढीवरून नियमित माल उचलायचा. २५ टनांची, ५०० पिशव्यांची एक गाडी त्याने ४ डिसेंबरला भरली. सोलापूरहून हैदराबाद, तिथून विजयवाडा, मग किनाऱ्याच्या महामार्गाने विशाखापट्टणम, भुवनेश्वर, बालासोर, खरगपूर करत कोलकात्याच्या पुढे पेट्रापोलची सीमाचौकी. सुमारे दोन हजार किलोमीटर, चार-पाच दिवसांचा प्रवास. पेट्रापोलच्या पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. याशिवाय घोजाडांगा–भोमरा, मालदा जिल्ह्यातलं महदीपूर–सोना मस्जिद आणि हिली, या वाटांनीही कांदा जातो. पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवर सीमा ओलांडण्याची पाळी पैसे भरून आधी घेता येते. त्याआधी पेट्रापोलजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये गाड्या कित्येक दिवस उभ्या राहायच्या, आणि कांदा उभ्या गाडीत घामेजायचा.

कागदांची रांग लांब असते. इकडून निर्यातदाराचा परवाना क्रमांक, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, रोग-कीडमुक्तीचा दाखला. तिकडून आयातदाराने ढाक्याच्या खामारबाडीतून, म्हणजे त्यांच्या कृषी विस्तार खात्याकडून, आयात-परवाना काढायचा आणि बँकेत पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडायचं. खामारबाडीचा तो परवाना दोन्हीकडचे लोक 'आयपी' म्हणतात. आयपी नसेल तर बाकीच्या कागदांना किंमत नाही.

८०० डॉलरच्या अटीने या कागदांत आधीच गाठ मारून ठेवली होती. त्या वेळच्या विनिमय दराने ८०० डॉलर म्हणजे टनाला सुमारे ६६,६०० रुपये, किलोला साडेसहासष्ट. सोलापुरात कांदा ३२ रुपयांना, भाडं आणि पिशवी धरून चाळिशीच्या आत कोलकात्याला पोचत होता. पण ८०० डॉलरपेक्षा कमी दराचं पतपत्र चालत नव्हतं. बांगलादेशी आयातदाराला तो कांदा सीमेवर किलोला जवळपास ८८ टाक्यांना पडणार. तो म्हणणार, खरा भाव चाळीस असताना मी साडेसहासष्ट का देऊ, वरची रक्कम दुसऱ्या वाटेने परत कर. किमान निर्यात किंमत लागली की हे होतं. बँकेतून जास्त पैसे येतात आणि मागच्या दाराने परत जातात. जो तसं करायला तयार असतो त्याला गिऱ्हाईक मिळतं, जो सरळ राहतो त्याचं लोडिंग घटतं. आमचा निर्यातदार सरळ राहिला. तिकडे दर चढल्यामुळे एक आयातदार पूर्ण दराने घ्यायला तयार झाला होता, म्हणून ही एक गाडी निघाली. पतपत्र २०,००० डॉलरचं होतं, म्हणजे सुमारे १६ लाख ६६ हजार रुपयांचं.

बंदीची बातमी आली तेव्हा चालक बालासोरच्या पुढे एका ढाब्यावर चहा पीत होता. माल सीमाशुल्काच्या नोंदीत नव्हता. सूट लागू नाही. गाडी परत आणायची तर पुन्हा पाच दिवस आणि पुन्हा तेवढंच भाडं, आणि माल लाल. ती कोलकात्याच्या पोस्ता बाजारात उतरवली. तिथे आधीच अशाच वळवलेल्या गाड्या उभ्या होत्या. खरेदी ८ लाख, भाडं १ लाख ४० हजार, पिशव्या-हमाली-कागद ४० हजार, एकूण ९ लाख ८० हजार. पोस्त्यात २४ रुपयांनी विकून आले ६ लाख. एका गाडीत ३ लाख ८० हजारांचा खड्डा.

आमच्या पेढीला तो खड्डा उधारीतून जाणवला. शेतकऱ्याचे पैसे पेढीने आधी मोकळे करायचे आणि खरीददाराकडून मागाहून घ्यायचे, ही बाजाराची रीत. त्या निर्यातदाराचा चेक लांबला. आमच्या मालकांनी मामांसह सगळ्या शेतकऱ्यांचे पैसे दिले, पण पुढचे दोन महिने त्यांनी नव्या खरीददाराला उधार देणं जवळजवळ थांबवलं. उधार थांबली की बोली लावणारी माणसं कमी होतात. बंदीचा हा फटका कुठल्याच आकडेवारीत येत नाही, पण यार्डात तो स्पष्ट दिसतो.

पलीकडची बाजू

बंदीनंतरच्या दोन दिवसांत ढाक्यात कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला. श्यामबाजार आणि कारवान बाजारात, चट्टग्रामच्या खातुनगंजात जुन्या दराने घेतलेला माल नव्या दराने विकला जाऊ लागला आणि तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने दुकानांवर छापे घातले. म्हणजे एकाच कागदाने मोहोळच्या शेतकऱ्याला निम्मा दर दिला आणि ढाक्याच्या गृहिणीकडून जवळपास दुप्पट घेतले.

पाबना, फरीदपूर, राजबाडी हे तिकडचे कांद्याचे जिल्हे. त्यांची मुख्य पेर 'हाली' कांद्याची, तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो. त्याआधी छोट्या गड्ड्या लावून घेतलेला 'मुरीकाटा' कांदा डिसेंबर-जानेवारीत येतो. मुरीकाटा आपल्या लाल कांद्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा, तोही टिकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दर पाहून पाबन्याच्या शेतकऱ्यांनी तो कोवळाच उपटला. मला त्यांचा राग आला नाही. आमच्याकडेही दर चढला की हेच होतं.

देशाची गरज आणि टिकणारं उत्पादन यांतलं अंतर बांगलादेश तेव्हा बाहेरून भरायचा, वर्षाला साधारण सहा-सात लाख टन, आणि त्यातला बहुतांश भारतातून. भारतीय कांद्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक तोच होता. पण त्याचं दारही बारा महिने उघडं नसतं. १५ मार्च २०२३ नंतर बांगलादेशाने आयपी देणं थांबवलं होतं, कारण त्यांचा हाली कांदा बाजारात यायचा होता. दर चढल्यावर ५ जूनला पुन्हा दिले. आपण खाणाऱ्यासाठी दार लावतो, ते पिकवणाऱ्यासाठी. दोघांची कारणं आपापल्या ठिकाणी समजण्यासारखी आहेत, पण एकाच दाराला दोन्हीकडून कड्या असल्यावर मध्ये उभ्या असलेल्या गाडीने काय करायचं?

कडी अचानक लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने बंदी घातली. त्यानंतर आठवडाभरातच तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर व्यासपीठावरून हिंदीत म्हणाल्या की कांदा का बंद केलात मला ठाऊक नाही, मी स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितलं आहे. पुढे त्यांनी जोडलं की असं काही करायचं तर आधी कळवत जा. सभागृहात लोक हसले, पण ती मागणी गंभीर होती. त्या नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा विमानाने आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा तसंच झालं. सीमेवर अडकलेल्या गाड्यांत कांदा सडू लागला, ढाक्याने लेखी नाराजी कळवली, आणि मग दिल्लीने अडकलेल्या मालासाठी २५,००० टनांची सूट दिली. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांचे वाणिज्यमंत्री दिल्लीत भेटले तेव्हा बांगलादेशाने कांद्यासह काही जिनसांचा वार्षिक कोटा ठरवून मागितला होता. जवळपास एका वर्षाने आमची गाडी बालासोरपाशी थांबली.

नंतरचे दीड वर्ष

मार्च २०२४ मध्ये सरकारने नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेडमार्फत बांगलादेशला ५०,००० टन द्यायचं ठरवलं. पहिले १,६५० टन रेल्वेने गेले. यात खाजगी व्यापाऱ्याला जागा नव्हती, आणि तोवर सोलापूरचा लाल हंगाम उतरणीला लागला होता. ३१ मार्चला संपणारी बंदी त्याआधीच बेमुदत वाढवली गेली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि वर ४० टक्के शुल्क, म्हणजे किलोला सुमारे ६४ रुपयांच्या खाली माल बाहेर जाऊ शकत नव्हता. १३ सप्टेंबरला किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. मधे ऑगस्टात ढाक्यात सत्तापालट झाला आणि काही दिवस पेट्रापोलला वाहतूक थंडावली. १ एप्रिल २०२५ पासून उरलेलं २० टक्के शुल्कही उठलं. आमच्या यार्डात त्या दिवशी कुणी पेढे वाटले नाहीत, कारण त्या वर्षाचा बराच काळ बांगलादेशाने आयपीच रोखून धरले. आपली कडी निघाली तर त्यांची लागलेली.

देशाची कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये २५ लाख टनांच्या वर होती, ती २०२३-२४ मध्ये १७ लाख १७ हजार टनांवर आली. मला या आकड्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त टोचते. बंदीच्या महिन्यांत बांगलादेशी आयातदारांनी पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्की इकडे वाटा शोधल्या. एकदा लागलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात गेलं की ते परत आलं तरी आपल्याच दारात थांबत नाही, हे सोलापूरच्या चादरवाल्यांना विचारा.

माझा निष्कर्ष

२०२३ सालच्या दुष्काळी हंगामात सरकारने निर्यातीवर काहीच बंधन घालायला नको होतं, असं मी म्हणत नाही. पण तीन बाबतींत आमचं नुकसान टाळता आलं असतं.

सर्वांत महत्त्वाची बाब पूर्वसूचनेची. लाल कांद्याचा जीव तीन आठवड्यांचा आहे, तर किमान तीन आठवड्यांची सूचना द्या. मामांनी लावण वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने केली आहे. त्यांना तेवढी मुदत मिळाली असती तर दोन तोडी आधी आटोपल्या असत्या, आणि निर्यातदाराने ४ तारखेला गाडी भरलीच नसती. व्यापारी म्हणतात, सूचना दिली तर लोक साठा करतील. उन्हाळी कांद्याबाबत ते खरं असू शकेल. लाल कांद्याचा साठा कोण आणि कुठे करणार?

दुसरं, रस्त्यातल्या मालाचं. समुद्रमार्गाने जाणाऱ्याला जहाज लागलं की सूट मिळते, कारण नियम बंदर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला जातो. बांगलादेशचा व्यापार ट्रकने चालतो. ज्याच्याकडे अधिसूचनेआधीचं पतपत्र, आयपी आणि रोग-कीडमुक्तीचा दाखला आहे त्याची गाडी जाऊ द्यावी. या तिन्ही कागदांवर तारीख असते, फसवायचं म्हटलं तरी अवघड आहे.

तिसरं, कोट्याचं. मी त्या बाजूने आहे. वर्षाला अमुक इतका कांदा, अमुक महिन्यांत, हे दोन्ही देशांनी आधी ठरवलं तर त्यांना मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा हाली कांदा जपता येईल आणि आपल्याला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपला लाल विकता येईल. दोन्ही पिकांची वेळ एकमेकांशी फारशी भांडत नाही. जिथे भांडते ते मुरीकाट्याचे चार आठवडे, आणि तेवढ्यापुरती तडजोड अवघड नाही.

वाहतुकीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे. २८ डिसेंबर २०२० ला आपल्याच जिल्ह्यातल्या सांगोल्याहून हावड्याजवळच्या शालिमारला शंभरावी किसान रेल सुटली होती, त्यात डाळिंबाबरोबर कांदाही होता. तेव्हा त्या वाटेने बंगालपर्यंत माल कमी खर्चात जाऊ शकत होता. पण दोन्हीकडच्या कड्यांचा भरवसा नसेल तर गाडी रेल्वेची असो की रस्त्याची, शेवटी ती पोस्त्यातच उतरणार.

आमचा निर्यातदार त्यानंतर वर्षभर फक्त दक्षिणेकडे माल भरत होता. त्याने ते ३ लाख ८० हजार हळूहळू फेडले, आमच्या पेढीची बाकी दोन हप्त्यांत दिली. सीमेचं नाव काढलं की तो अजून मान हलवतो.

मामांनी मात्र कांदा सोडला नाही. पुढच्या जूनमध्ये रोप टाकायच्या आधी त्यांचा फोन आला. पाऊस, बियाणं, विहीर याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"तिकडचा त्यो काय म्हणला होतास तू, मुरी... त्यो कवा निघतो रं?"

"मुरीकाटा. डिसेंबर अर्ध्यात सुरू होतो, मामा."

"मग आपला दहा दिस आधी आणायला पायजे," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी वाफे ओढून रोप टाकलं.